डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांचा पत्रांतील संसार

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत आज कित्येक घरें अशीं आहेत कीं नवरा एका ठिकाणीं व बायको दुसऱ्या ठिकाणीं राहते. हिंगोली, कळमनुरी, बसमत, सेनगांव, औंढा ह्या तालुक्यांतून कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी हैदराबादेस पोटासाठीं जातो. कोणी सैन्यांत असतो. आणि एखादा समुद्र ओलांडून परमुलखांतही पोहोंचतो. ऊसतोडीची गोष्ट निराळी. तेथें जोडपेंच जातें, आणि त्या जोडप्यालाच एक कोयता म्हणून मोजतात. परंतु जेथें दोघांची ताटातूट होते तेथें मागें राहिलेल्याच्या व गेलेल्याच्या मनांत काय काय चालतें हें आमच्या उपदेशक बंधूंस चांगलें ठाऊक आहे. कारण पूर्वीं अशा घरीं आलेलें पत्र वाचून दाखविण्याचें व त्याचें उत्तर लिहून देण्याचें काम पुष्कळदां त्यांच्याच वांट्यास येई. आतां टेलिफोनवर तोंडही दिसतें. तरी ताटातूट ती ताटातूटच.

म्हणून ह्या वेळीं आम्ही वाचकांस एका जोडप्याची हकीकत सांगणार आहों. त्यांत नेहमींची रीत उलटी झाली : नवरा देशांत राहिला व बायको समुद्रापलीकडे गेली. आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचिलें असेल. परदेशीं जाऊन पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली हिंदु स्त्री म्हणून त्यांची कीर्ति आहे. त्या कीर्तीविषयीं सांगण्यास आज आमच्यापाशीं नवें कांहीं नाहीं. त्यांचा संसार दोन वर्षें केवळ टपालाच्या पिशवींतून कसा चालला, आणि घरीं जें कधीं बोलतां आलें नसतें तें त्या बाईंनीं पतीस कागदावर कसें सांगितलें, तेवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

आनंदीबाईंचें माहेरचें नांव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे; घराणें एके काळीं सधन, पण पुढें उतरती कळा लागलेलें. १८७४ सालीं, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षीं, यमुनेचें लग्न गोपाळ विनायक जोशी ह्या बिजवराशीं झालें. गोपाळराव संगमनेरचे, टपालखात्यांत कारकून, आणि वयानें बायकोपेक्षां पुष्कळच मोठे. लग्नापूर्वीं त्यांनीं एकच अट घातली होती : बायकोला शिकविण्याच्या आड कोणीं येऊं नये. सासरीं मुलीचें नांव आनंदी ठेविलें.

गोपाळरावांचा स्वभाव विलक्षण होता. स्त्रीशिक्षणाचें त्यांस वेड होतें, आणि वेड्याचा आग्रह जसा असतो तसाच त्यांचा आग्रह होता. त्या काळच्या इतर घरीं बायकोनें पुस्तक हातीं घेतलें तर तिला मार बसे. ह्या घरीं ती पुस्तक टाकून चुलीपाशीं गेली तर मार बसे. नवरा कचेरींतून यावयाच्या वेळीं लहानगी आनंदी आजीस स्वयंपाकांत मदत करीत असली कीं घरांत आकांत होई. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा जेथें जेथें बदल्या झाल्या तेथें तेथें त्यांनीं बायकोस बरोबर नेलें, लोकांच्या डोळ्यांदेखत तिला बूटमोजे घालून फिरावयास काढिलें, मुंबईस मिशनच्या शाळेंत घातलें. रस्त्यांत लोक हंसत, खिडक्यांतून नांवें ठेवीत. हें सारें त्या मुलीनें सोसलें.

चौदाव्या वर्षीं त्यांस मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. बाळंतपणांत स्त्रियांस पुरुष डॉक्टरापुढें जाण्याची लाज, स्त्री डॉक्टर तर देशांत जवळ जवळ नाहींच, आणि सुइणीच्या हातीं जें होईल तें होईल, अशी ती स्थिति होती. आपण स्वतः डॉक्टर व्हावें हा विचार त्यांच्या मनांत त्या दुःखानंतर पक्का होत गेला. पतीची इच्छा आणि पत्नीची इच्छा येथें प्रथमच एका वाटेनें चालूं लागली. ह्यापूर्वीं जें शिक्षण होतें तें पतीच्या हुकुमाचें होतें. आतां तें तिचें झालें.

कोल्हापुरास असतां १८७८ सालीं गोपाळरावांनीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या द्वारें रेव्हरंड वाइल्डर ह्यांस पत्र लिहून बायकोला अमेरिकेंत शिकावयास नेण्याची इच्छा कळविली व तेथें स्वतःस कांहीं काम मिळेल काय असें विचारिलें. वाइल्डरसाहेब कोल्हापुरांत पुष्कळ वर्षें राहिलेले असून त्या वेळीं अमेरिकेंत परत गेले होते व एक मिशनचें मासिक चालवीत होते. त्यांनीं दिलेल्या उत्तराचा रोख असा होता कीं ह्या पतिपत्नींनीं आधीं ख्रिस्ती व्हावें. गोपाळरावांस तें रुचलें नाहीं. मिशनच्या पत्राच्या वाचकांपुढें ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. जो मनुष्य विद्या मागावयास आला त्याच्यापुढें धर्मांतराची अट ठेवणें हें आमच्या मतें शहाणपणाचें नव्हतें, आणि त्यानें कोणाचें मन वळलेंही नाहीं. परंतु ती पत्रें त्या मासिकांत छापलीं गेलीं, आणि त्यांतून भलतेंच कांहीं निष्पन्न झालें. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई दांतांच्या डॉक्टराकडे आपली पाळी येईपर्यंत बसल्या असतां तो जुना अंक त्यांच्या हातीं पडला. त्यांनीं तो वाचला व आनंदीबाईंस पत्र धाडिलें.

ह्या दोन स्त्रियांनीं एकमेकींचें तोंड पाहण्यापूर्वीं सुमारें तीन वर्षें पत्रव्यवहार केला. आनंदीबाई त्यांस मावशी मानूं लागल्या. कलकत्त्यास बदली झाल्यावर आनंदीबाईंची प्रकृति वारंवार बिघडे. डोकें दुखे, ताप येई. तेव्हां त्या मावशींनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. पत्रानें नातें जोडतां येतें व टिकवितां येतें हा धडा आनंदीबाई पतीपासून दूर जाण्यापूर्वींच शिकल्या होत्या, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

प्रथम दोघांनींही बरोबर जावें असा बेत होता. तो जमेना. गोपाळरावांवर त्यांची म्हातारी आई व धाकटे भाऊ अवलंबून होते. नोकरी सोडली तर त्यांनीं काय खावें? आणि दोघांच्या भाड्यापुरता पैसाही नव्हता. शेवटीं गोपाळरावांनींच ठरविलें कीं बायकोनें एकटीनें पुढें जावें. त्या काळीं अठरा वर्षांची ब्राह्मण स्त्री पतीवांचून काळें पाणी ओलांडते ही गोष्ट स्वकीयांस भ्रष्टाचार वाटली, आणि पुष्कळ युरोपियनांसही तें साहस वाटलें. हुगळी नदीच्या कांठीं श्रीरामपूर येथें बॅप्टिस्ट मिशनचें जें कॉलेज आहे, त्याच्या दिवाणखान्यांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण करून लोकांच्या प्रश्नांस एकेक करून उत्तर दिलें. अमेरिकेस कां जातां, येथें शिकतां येत नाहीं काय, एकट्याच कां जातां, जात वाळीत टाकील त्याचें काय, संकट आलें तर काय, जें कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हीच कां करितां, असे ते प्रश्न होते. एकटें जाण्याविषयीं त्यांनीं सासूचें व दिरांचें पोट हेंच कारण उघडपणें सांगितलें. आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असेंही त्यांनीं त्या मिशनच्या छपराखालीं बसलेल्या मंडळीस स्पष्ट कळविलें. आमच्या व त्यांच्या श्रद्धेंत अंतर आहे. पण ज्यांच्या घरांत आपण उभे आहों त्यांच्या तोंडावर स्वतःचें मन सांगण्याचें धैर्य आम्हांस आदरास पात्र वाटतें.

७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून त्यांचें जहाज सुटलें. बरोबर मिशनच्या कांहीं गोऱ्या बाया होत्या, आपलें माणूस कोणी नव्हतें. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कास उतरल्या. कार्पेंटरबाई धक्क्यावर घेण्यास आल्या होत्या. उन्हाळा त्यांच्या रोझेल येथील घरीं काढून आनंदीबाई ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. कॉलेजच्या मुख्य अध्यापिका राशेल बॉडली ह्यांनीं त्यांस आपल्या पंखाखालीं घेतलें. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता.

आतां ज्या टपालावर हा संसार चालला त्याविषयीं दोन शब्द. आजच्या वाचकांस ती गोष्ट सहज कल्पनेंत येणार नाहीं. श्रीरामपुरांत टाकलेलें पत्र आगगाडीनें मुंबईस, मुंबईहून आगबोटीनें सुएझच्या कालव्यांतून युरोपास, इंग्लंडाहून दुसऱ्या बोटीनें अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कास, व तेथून पुन्हां आगगाडीनें फिलाडेल्फियास जाई. ह्यास महिन्याहून अधिक काळ लागे. म्हणजे नवऱ्यानें रागावून एक ओळ लिहिली तर तिचें उत्तर हातीं येईपर्यंत दोन अडीच महिने जात. तोंवर त्याचा राग गेलेला असे, पण बायको मात्र त्याच वेळीं तो राग वाचीत बसलेली असे. तारायंत्र होतें, परंतु त्यांत शब्दागणिक पैसे पडत व तें गरिबाच्या कामाचें नव्हतें. निदान इतकें बरें होतें कीं १८७४ सालीं स्थापन झालेल्या जागतिक टपालसंघांत हिंदुस्थान १८७६ सालीं सामील झाला होता, त्यामुळें परदेशच्या पत्राचा दर ठरलेला व माफक असे. गोपाळराव स्वतः टपालखात्यांतले. विलायतची टपाल कोणत्या दिवशीं निघते व कोणत्या दिवशीं येते हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? आमच्या हिंगोलीकडील वाचकांस आम्ही आणखी एक आठवण देतों. त्या वेळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, निजामसरकारचें टपालखातें वेगळें व तिकिटेंही वेगळीं होतीं. हिंगोलीच्या छावणींत हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणींचा तळ असे. त्या शिपायांच्या बायकांस अमेरिकेचें नांवही ठाऊक नसेल. पण गांवाकडून आलेल्या कागदाची वाट पाहणें म्हणजे काय हें त्या निश्चित जाणत असतील.

आनंदीबाईंच्या पत्रांत लहानसहान गोष्टी पुष्कळ येत. थंडी, बर्फ, वर्ग, मावशीच्या मुली, जेवणाची अडचण. त्या मांस खात नसत, आणि फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यांत केवळ शाकाहारावर एका अशक्त बाईनें कसें निभवावें हा मोठाच प्रश्न होता. राहण्याची खोली गार, शेगडीचा धूर होई, प्रकृति खालावूं लागली. लुगड्याचाही प्रश्न आला. नऊवारी लुगडें कासोट्यानें नेसलें म्हणजे पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीला तें सोसेना. म्हणून त्यांनीं गुजराती स्त्रियांप्रमाणें घोळदार नेसण्यास आरंभ केला. वेष हिंदूच राहिला, फक्त तऱ्हा बदलली. हा निर्णय त्यांस तिकडे, पतीची संमति येण्याची वाट न पाहतां, करणें भाग होतें. ज्या स्त्रीस लहानपणापासून कोणतें पुस्तक केव्हां उघडावें हेंही सांगण्यांत येत असे, तिनें काय नेसावें हें आपलें आपण ठरविलें व मग कळविलें.

गोपाळरावांचीं पत्रें मात्र नेहमींच गोड नसत. ज्यानें स्वतः ढकलून बायकोस सातासमुद्रापार पाठविलें त्यालाच ती गेल्यावर संशय व रुखरुख लागली. ती बदलेल काय, आपल्याला विसरेल काय, साहेबिणींत मिसळून आपल्या माणसांस तुच्छ मानील काय, असल्या विचारांनीं त्यांच्या लेखणीस धार येई व तीं पत्रें टोचून लिहिलेलीं असत. एकटेपणाचा हा परिणाम आम्ही आमच्या मंडळ्यांतही पाहतों. दूर असलेला मनुष्य ज्या गोष्टी पाहूं शकत नाहीं त्या तो कल्पनेनें भरून काढितो, आणि त्याची कल्पना क्वचितच भल्या बाजूला जाते. आनंदीबाई अशा पत्रांनीं दुःखी होत, पण बहुधा नम्रपणें उत्तर देत.

परंतु एका उत्तरांत त्यांनीं जें लिहिलें तें आम्ही सविस्तर सांगतों. आपण वागविलें तें बरें कीं वाईट, हा विषय निघाला तेव्हां त्यांनीं उत्तर टाळलें नाहीं. त्याचा निर्णय करणें कठीण आहे, असें प्रथम सांगून त्यांनीं दोन्ही बाजू मांडल्या. ज्या शेवटाकडे पतीची दृष्टि होती तो शेवट पाहिला तर वागणूक बरी म्हणावी लागेल. पण लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होतो हें पाहिलें तर ती वाईट होती, असा त्यांचा आशय होता. आणि मग त्यांनीं यादीच दिली : दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं बसलेला मार, बाराव्या वर्षीं अंगावर फेंकलेल्या खुर्च्या व पुस्तकें, आणि टाकून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षीं केलेल्या निराळ्याच शिक्षा. त्या त्या वयाला ह्या गोष्टी शरीरास व मनास किती जड होत्या हेंही त्यांनीं दाखविलें. लहानपणीं आपण घर सोडून गेलों असतों तर काय झालें असतें, हाही विचार त्यांनीं केला. आईबापांच्या नांवास डाग लागेल म्हणून आपण सारें सोसलें, असें सांगितलें. हिंदु स्त्रीस पतीपुढें एक अक्षर काढण्याचा हक्क नसतो, तिनें गप्प बसून पतीचें ऐकावें असा रिवाज आहे, हेंही त्यांनीं जणूं सहज जातां जातां नमूद केलें.

हें पत्र आम्ही प्रथम वाचिलें तेव्हां त्यांत संताप किती थोडा आहे ह्याचेंच आश्चर्य वाटलें. शिवी नाहीं, शाप नाहीं. उपकारांची आठवण तर इतर पत्रांतून पुन्हां पुन्हां येते, आणि आपण जें कांहीं आहों तें पतीमुळें, ही त्यांची भावना खोटी नव्हती. तरी जें झालें तें झालेंच नाहीं असें त्यांनीं होऊं दिलें नाहीं. एका घरांत, एका चुलीशीं राहून हें शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते असें आम्हांस वाटत नाहीं. मध्यें दोन महासागर होते, हातांत लेखणी होती, उगारलेला हात पोहोंचणार नव्हता, आणि उत्तर येण्यास दोन महिने होते. म्हणून एका एकोणीस वीस वर्षांच्या बाईस आपल्या नवऱ्याशीं बरोबरीच्या माणसाप्रमाणें बोलतां आलें.

कित्येक लोक म्हणतात कीं मारलें म्हणूनच ती डॉक्टर झाली. आम्हांस हा युक्तिवाद मुळींच मान्य नाहीं. त्याच पिढींत व त्याच्याही आधीं बायकोस शिकविणारे दुसरे पुरुष ह्याच महाराष्ट्रांत होते. जोतीराव फुल्यांनीं सावित्रीबाईंस शिकविलें, न्यायमूर्ति रानड्यांनीं रमाबाईंस शिकविलें. त्यांनीं लांकूड हातीं घेतल्याचें कोणीं ऐकिलें नाहीं. गोपाळरावांचें ध्येय थोर होतें व हात क्रूर होता. एकानें दुसऱ्याची भरपाई होत नाहीं, आणि स्वतः आनंदीबाईंनींही ती केली नाहीं. आमच्या उपदेशक बंधूंस ही गोष्ट विशेषेंकरून सांगण्याचें कारण असें कीं आपल्याच खेड्यांत, बायकोच्या भल्यासाठीं मारिलें, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते आनंदीबाईंचें उदाहरणही देतात.

पुढें गोपाळरावांनीं नोकरीचा पाश सोडिला व ते पूर्वेकडील मार्गानें, पॅसिफिक महासागर ओलांडून, १८८५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास सान फ्रान्सिस्को येथें पोहोंचले. वाटेंत ठिकठिकाणीं त्यांनीं व्याख्यानें दिलीं. त्या व्याख्यानांत अमेरिकन लोकांच्या चालीरीतींवर व मिशनऱ्यांवर कडक टीका असे. ज्या लोकांच्या आश्रयानें बायको शिकत होती त्यांस हें आवडणें शक्यच नव्हतें, आणि मध्यें सांपडलेल्या आनंदीबाईंस अवघड होऊन बसे. दोन वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघें भेटलीं. परंतु पत्रांत जें जुळत आलें होतें तें एका छपराखालीं तितकें सहज जुळलें नाहीं. ती आतां शल्यशाळेंत जाणारी, अमेरिकन विदुषींबरोबर वावरणारी स्त्री होती. तो मात्र तिचा गुरु म्हणूनच आला होता. ह्याच सालच्या १० ऑक्टोबरचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत कॉलेजच्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखांत बसल्या आहेत : लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली.

११ मार्च १८८६ रोजीं पदवीदानाचा समारंभ झाला. आनंदीबाईंनीं आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र ह्या विषयावर निबंध लिहिला होता. ह्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम आल्या. त्यांचे यजमान १८८२ सालींच वारले होते व पदरीं लहान मुलगी होती. पुढें केडगांव येथें त्यांनीं जें मुक्तिसदन उभारिलें त्याची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याची गरज नाहीं. कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागाचें काम आनंदीबाईंस देऊं केलें व त्यांनीं तें पत्करिलें.

पण क्षयानें त्यांस आधींच गांठलें होतें. ऑक्टोबर १८८६ मध्यें पतिपत्नी अमेरिकेहून निघालीं व नोव्हेंबरांत मुंबईस उतरलीं. आतां दोघें एकाच बोटीवर होतीं, एकाच देशांत परतलीं, आणि वेळ मात्र उरला नव्हता. कोल्हापुरास रुजूं होणें घडलेंच नाहीं. पुण्यास वैद्यांचे व डॉक्टरांचे उपाय झाले. केसरीकार टिळकांनीं शंभर रुपये पाठवून सहानुभूति कळविली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं रात्रीं आनंदीबाई वारल्या. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. एकाही रोग्यावर स्वतंत्रपणें उपचार करण्याची संधि त्यांस ह्या देशांत मिळाली नाहीं.

गोपाळरावांनीं त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवच्या स्मशानभूमींत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत, ती पुरण्यांत आली व वर दगड बसविला. तो तेथें अद्याप आहे. गोपाळरावांचा पुढील काळ विक्षिप्तपणांतच गेला. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें त्यांनीं शहरच्या पुढाऱ्यांस बोलावून चहा पाजविला, नांवें वर्तमानपत्रांत गेलीं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. १८९१ सालीं ते स्वतः ख्रिस्ती झाले, व थोड्याच अवधींत प्रायश्चित्त घेऊन परत हिंदु झाले. दोन्ही वेळां त्यांच्या मनांत खरोखर काय होतें ह्याविषयीं लोकांत मतभेद आहे, आणि ज्या मंडळीनें त्यांस घेतलें तिनें जरा थांबून घेतलें असतें तर बरें झालें असतें, असें आमचें मत आहे. ते १९१२ सालीं वारले.

आनंदीबाईंचें पहिलें चरित्र कॅरोलाइन डॉल नांवाच्या अमेरिकन बाईंनीं १८८८ सालीं बोस्टन येथें इंग्रजींत प्रसिद्ध केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत काशीबाई कानिटकर ह्यांनीं मराठींत लिहिलें. काशीबाईही पतीच्या उत्तेजनानेंच घरीं शिकलेल्या, त्यामुळें त्यांस ह्या जोडप्याचें सुखदुःख आंतून कळत होतें. त्यांच्या ग्रंथांत आनंदीबाईंचीं पतीस लिहिलेलीं पत्रें आहेत, व लांकडाच्या माराची यादी असलेलें तें पत्रही त्यांतून आपणांस कळतें. तें पत्र गोपाळरावांच्या हातीं एकट्याच्याच आलें होतें. फाडून चुलींत घालणें सोपें होतें, आणि मग कोणास कांहीं कळलेंही नसतें. त्यांनीं तें फाडिलें नाहीं.